खुर्चीत बसून एक बाई तीन तास बोलते

मागच्या अंकात चीनमधल्या स्वतंत्र डॉक्युमेंटरींबद्दल थोडं लिहिलं होतं. म्हणजे सरकारी पैसा नाही, सरकारी परवानगी नाही, एखादा माणूस छोटा कॅमेरा घेऊन निघतो आणि म्हाताऱ्या माणसांना विचारतो की तेव्हा तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं, अशा फिल्म. वाटलं होतं चार-दोन पत्रं येतील, पण इतकी आली की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रं थोडी आटोपशीर केलीत आणि नावं छापत नाहीये.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत म्हणून 'फंगमिंग' लावली. चाळीस मिनिटं झाली तरी एक म्हातारी बाई खुर्चीत बसून बोलतेय, कॅमेरा हलत नाही, जुने फोटो नाहीत, म्युझिक नाही. शेवटी बंद केली. यात बघण्यासारखं काय आहे ते खरंच समजून घ्यायचंय. (एक वाचक, कोल्हापूर)

बंद केलीत यात वाईट वाटून घेऊ नका, पण परत लावा असं मी मनापासून सांगेन. त्या चाळीस मिनिटांच्या पुढेच ती फिल्म आपल्याला धरते.

आधी ही बाई कोण ते सांगते. हे फंगमिंग हे त्यांचं नाव, आपण फंगमिंगबाई म्हणू. १९४९ साली कम्युनिस्ट क्रांती झाली तेव्हा ही कॉलेजातली मुलगी शिक्षण सोडून गान्सू प्रांतातल्या सरकारी पेपरात कामाला लागली, नव्या देशासाठी काहीतरी करायचं म्हणून, आणि तिचा नवराही तिथेच पत्रकार. पुढे नवऱ्याने पेपरात लेख लिहिले, अधिकारी लोक कसे वागतात यावर, तेही पक्षानेच 'टीका करा, मोकळेपणाने बोला' असं सांगितल्यावर. १९५७ मध्ये वारं फिरलं आणि दोघांवरही 'उजवे', म्हणजे पक्षाच्या विरोधातले, म्हणून शिक्का बसला. नवऱ्याला वाळवंटातल्या जियाबियानगोउ नावाच्या श्रमछावणीत पाठवलं आणि बाईंना दुसऱ्याच ठिकाणी. १९६० च्या थंडीत त्या कशीबशी परवानगी काढून, थोडंफार खायला बांधून नवऱ्याला भेटायला निघाल्या, आणि पोचल्या तेव्हा कळलं की तो आधीच गेलाय, उपासमारीने.

आता कॅमेऱ्याचं. वांग बिंग हा दिग्दर्शक सुरुवातीला फक्त त्यांच्या मागून चालतो, बर्फ पडलेल्या रस्त्याने, घरापर्यंत. मग त्या खुर्चीत बसतात आणि बोलायला लागतात. दुपार असते. हळूहळू खिडकीतला उजेड कमी होत जातो पण बाई बोलतच असतात, खोलीत अंधार होतो, त्यांचा चेहरा जवळजवळ दिसेनासा होतो आणि तरी कुणी दिवा लावत नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेला आजीपाशी बसलं की असंच व्हायचं ना, ती काहीतरी सांगत असायची आणि दिवा लावायचा राहून जायचा. बऱ्याच वेळाने वांग बिंग हळूच विचारतो, दिवा लावू या का. बस, एवढाच त्याचा हस्तक्षेप. मध्ये एकदा त्या उठून आत जातात तर कॅमेरा रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबतो, त्या येईपर्यंत.

हे सगळं कापून पन्नास मिनिटांची नेटकी फिल्म करता आली असतीच. माझं मत असं की त्याने ती मुद्दाम केली नाही. या माणसांना आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवून दिलेल्या शब्दांत बोलायला लावलं होतं. सभेत उभं करायचं, कबुलीजबाब लिहून घ्यायचे, पसंत पडला नाही तर परत लिहायला लावायचे, वीस वर्षं हेच चाललं होतं. अशा बाईला पहिल्यांदा कुणीतरी म्हणतंय की तुम्ही बोला, तुमचं होईपर्यंत मी बसलोय. तिचं वाक्य मध्येच तोडणं त्याला पटलं नसणार. त्या ज्या पद्धतीने सांगतात, आधी काय मग काय, कुठे थांबतात, नवऱ्याचा विषय आला की आवाज किती सपाट होतो, यातच सगळं आहे.

संध्याकाळी लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि एका बैठकीत बघा. तीन तास आहेत, जातात.

प्रश्न : आठ तासांची फिल्म कोण बघतं? (तिघांनी विचारलंय, त्यातल्या एक वाचक नाशिकच्या)

'डेड सोल्स' बद्दल विचारताय ना. २०१८ ची, वांग बिंगचीच, आठ तास पंधरा मिनिटं. ती एका बैठकीत बघायची गरज नाही, मी स्वतः तीन संध्याकाळी बघितली. त्याच जियाबियानगोउ छावणीतून जे वाचले त्यांच्या मुलाखती आहेत. तिथे तीन हजारांच्या आसपास माणसं होती आणि साधारण पाचशे वाचली असं धरतात. वांग बिंगने २००५ पासून शोधून शोधून शंभराहून जास्त लोकांना गाठलं आणि फिल्म पूर्ण होईपर्यंत त्यातले कितीतरी जण वारले होते. म्हणून ती लांब आहे. एकाची गोष्ट ऐकली की वाटतं कळलं आपल्याला, पण चौथा माणूस बोलायला लागतो तेव्हा लक्षात येतं की भूक सगळ्यांची एकच असली तरी प्रत्येकाचं वाचणं वेगळं होतं, कुणी स्वयंपाकघरात काम मिळालं म्हणून, कुणी घरून पीठ आलं म्हणून.

दोन जागा चुकवू नका. सुरुवातीला एक म्हातारे गृहस्थ अंथरुणाला खिळलेले दिसतात, बोलायचीही ताकद नाही, आणि थोड्या वेळाने त्यांचीच अंत्ययात्रा. गावाकडच्या टेकडीवर शवपेटी चढवताना माणसांची दमछाक होतेय, मुलगा धाय मोकलून रडतोय, आणि कॅमेरा त्यांच्यासोबत चालतोय. दुसरी जागा अगदी शेवटी. मिंगश्वे नावाची जागा आहे, १९६० मध्ये कैद्यांना तिथे हलवलं होतं, जमिनीत खड्डे खणून राहायचे. वांग बिंग तिथे कॅमेरा खाली करून चालत राहतो. वाळूत हाडं पडलीत. पुरलेली वगैरे नाही, वरच, उघडी, कवट्याही. एक शब्द नाही त्या सगळ्या भागात, फक्त वारा आणि पायांचा आवाज.

प्रश्न : 'उजवे', 'मोठी झेप', 'सांस्कृतिक क्रांती' या सगळ्याचा क्रम लागत नाही. थोडक्यात सांगाल का? (कॉलेजची विद्यार्थिनी, पुणे)

सांगते. १९५६-५७ मध्ये माओच्या पक्षाने शिकलेल्या लोकांना टीका करायचं आवाहन केलं, लोकांनी केली, आणि १९५७ च्या जूनपासून टीका करणाऱ्यांवरच मोहीम सुरू झाली. सरकारी आकड्यानुसारही साडेपाच लाखांवर लोकांना 'उजवे' ठरवलं. १९५८ मध्ये 'मोठी झेप', म्हणजे गावागावात कम्यून (सगळ्यांची शेती एकत्र), सामुदायिक खानावळी, घरातली भांडीकुंडी वितळवून पोलाद, आणि धान्याचे फुगवलेले आकडे. त्या खोट्या आकड्यांवर सरकारने धान्य उचललं आणि गावं उपाशी राहिली. १९५९ ते १९६१ हा दुष्काळ. किती माणसं गेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात, म्हणजे अंदाजातला फरकच महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्ह्यांच्या लोकसंख्येएवढा आहे, जरा विचार करा. मग १९६६ ते १९७६ सांस्कृतिक क्रांती, शाळाकॉलेजची पोरं माओच्या नावाने 'रेड गार्ड', म्हणजे क्रांतीचे रक्षक, झाली आणि शिक्षकांवर, शेजाऱ्यांवर, कधी स्वतःच्या आईवडलांवरही उलटली.

१९८१ मध्ये पक्षाने ठराव करून सांस्कृतिक क्रांती ही मोठी चूक होती असं म्हटलं. पण १९५७ च्या मोहिमेबद्दल अधिकृत भूमिका अजून हीच की मोहीम बरोबर होती, फक्त तिची व्याप्ती जरा जास्त झाली. फंगमिंगबाईंच्या नवऱ्याचं मरण त्या 'जरा जास्त' मध्ये बसतं. या फिल्म का बनतात याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

प्रश्न : एका लेखात वाचलं की एका माणसाने आपल्या बायकोच्या प्रेताचे फोटो काढले आणि त्यावर फिल्म आहे. हे खरं आहे का? असं कुणी कसं करू शकतं? (एक वाचक, रत्नागिरी)

खरं आहे, आणि 'कसं करू शकतं' हे तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते, कारण मला आजवर बघितलेल्या सगळ्या डॉक्युमेंटरींमध्ये हा माणूस सगळ्यात जास्त आठवतो.

बीजिंगमधली मुलींची नावाजलेली शाळा, बियान झोंगयुन तिथल्या उपमुख्याध्यापिका. ५ ऑगस्ट १९६६ ला त्यांच्याच विद्यार्थिनींनी त्यांना शाळेच्या आवारात मारलं. मातीची जड ओझी वाहायला लावली, काठ्यांनी मारलं, त्या पडल्या तर कचऱ्याच्या गाडीवर टाकून ठेवलं. हॉस्पिटल रस्त्याच्या पलीकडे होतं तरी कित्येक तास कुणी नेलं नाही. पन्नास वर्षांच्या होत्या.

त्यांचे पती वांग जिंगयाओ इतिहासाचे अभ्यासक. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि कॅमेरा विकत घेतला. बायकोच्या अंगावरच्या जखमांचे फोटो काढले. मुली आईजवळ उभ्या आहेत त्याचे काढले. घराच्या दारावर बायकोला शिव्या देणारे मोठ्या अक्षरांचे कागद चिकटवले होते त्यांचे काढले, आणि स्मशानाच्या धुराड्यातून निघणारा धूरसुद्धा. त्या दिवसांत असा एक फोटो घरात सापडला असता तर त्यांचंही काही खरं नव्हतं. पण ते इतिहासवाले होते, उद्या हे घडलंच नाही असं म्हणतील हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. कॅमेरा घ्यायला ते दुःख ओसरायची वाट बघत बसले नाहीत.

हू जिए या दिग्दर्शकाने २००६ च्या सुमाराला त्यांच्यावर 'दो आय अ‍ॅम गॉन' ही फिल्म केली. ऐंशी पार केलेले वांग एक जुनी सुटकेस काढतात, उघडतात, आणि आतून बायकोचे त्या दिवशीचे कपडे बाहेर येतात. रक्ताचे आणि घाणीचे डाग, चाळीस वर्षांत वाळून काळपट झालेले, आणि तिचं बंद पडलेलं घड्याळ. एकेक कापड उलगडून दाखवतात, परत घडी घालतात. तो घडी घालणारा हात बघा. आपल्या घरात एखादी साडी जपून ठेवलेली असते ना गेलेल्या माणसाची, तसाच तो हात आहे.

कुणी शिक्षा भोगली का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. जानेवारी २०१४ मध्ये त्या शाळेच्या काही माजी विद्यार्थिनी, आता स्वतःच म्हाताऱ्या झालेल्या, बियान बाईंच्या पुतळ्यासमोर वाकल्या आणि माफी मागितली. वांग जिंगयाओंनी ती स्वीकारली नाही. खरं काय घडलं ते आधी सांगा, हे त्यांचं मागणं होतं, आणि मला ते पूर्ण पटतं.

प्रश्न : ज्यांनी मारलं त्यांच्या बाजूने कुणी बोलतं का या फिल्ममध्ये? (एक वाचक, सोलापूर)

फार कमी. वू वनग्वांगची '१९६६, माय टाइम इन द रेड गार्ड्स' ही १९९३ ची फिल्म बघा. वू वनग्वांग म्हणजे ज्याच्या १९९० च्या फिल्मपासून चीनमधली स्वतंत्र डॉक्युमेंटरी सुरू झाली असं मानतात तो. यात एकेकाळचे रेड गार्ड बसून बोलतात आणि अस्वस्थ करणारी गोष्ट ही की तरुणपण आठवताना त्यांचे डोळे चमकतात, आणि मग त्या दिवसांत कुणाकुणाचं काय झालं तिथे आले की शब्द अडखळतात. खलनायक नाहीत ते, आपल्यासारखीच माणसं आहेत, म्हणूनच बघवत नाही.

प्रश्न : परवानगी नसताना हे लोक फिल्म बनवतात कसे आणि दाखवतात कुठे? आपल्याकडच्या सेन्सॉर सर्टिफिकेटसारखंच आहे का ते? (एक वाचक, दादर)

नव्वदच्या दशकाच्या शेवटी छोटे डिजिटल कॅमेरे आले आणि सगळं बदललं. आधी स्टुडिओची मोठी मशिनं, क्रू, परवाने. नंतर एक माणूस, एक पिशवी. हू जिए पंधरा वर्षं सैन्यात होता, मग सरकारी वृत्तसंस्थेत नोकरीला. लिन झाओ या मुलीबद्दल त्याने कुठेतरी ऐकलं. बीजिंग विद्यापीठाची विद्यार्थिनी, कविता लिहायची, तिच्यावरही 'उजवी' शिक्का, तुरुंगात कागद-शाई काढून घेतली तर स्वतःच्या रक्ताने लिहीत राहिली, आणि २९ एप्रिल १९६८ ला शांघायमध्ये तिला गोळी घातली. नंतर एक माणूस तिच्या आईकडे गोळीचे पाच फन मागायला आला, म्हणजे पाच पैसे समजा. हू जिए तिचा शोध घ्यायला लागला तर नोकरीत सांगितलं की हे सोड नाहीतर नोकरी सोड. १९९९ मध्ये त्याने नोकरी सोडली. पुढची पाच वर्षं बचतीवर शहरोशहरी फिरत तिचे वर्गमित्र, तिच्याबरोबर तुरुंगात असलेली माणसं शोधली. त्याच्या फिल्म थिएटरात लागल्याच नाहीत, तो सीडी-डीव्हीडीच्या कॉपी लोकांना फुकट द्यायचा आणि लोक पुढे कॉपी करायचे. विद्यापीठाच्या वर्गात, चहाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कुणाच्या तरी घरी, असं दाखवणं.

काही वर्षं महोत्सवही होते. कुनमिंगला, नानजिंगला, बीजिंगजवळच्या सोंगझुआंग या चित्रकारांच्या वस्तीत. २००७ मध्ये कुनमिंगचा महोत्सव हू जिएची ती सुटकेसवाली फिल्म यादीत होती म्हणून बंद पाडला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सोंगझुआंगचा महोत्सव बंद केला, आयोजकांकडचं वर्षानुवर्षं जमवलेलं फिल्मचं संग्रहालय पोलीस घेऊन गेले. नानजिंगच्या लोकांनी २०२० च्या सुरुवातीला स्वतःच जाहीर केलं की आता पुढे करणार नाही. मधल्या काळात कायदाही आला, १ मार्च २०१७ पासून लागू, त्यानंतर सरकारी परवान्याशिवाय फिल्म महोत्सवाला पाठवणंही बेकायदा झालं.

आपल्याकडची तुलना थोडीच करेन. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय डॉक्युमेंटरी महोत्सवात भारतीय फिल्मना सेन्सॉर सर्टिफिकेटची अट घातली तेव्हा इथल्या दिग्दर्शकांनी एकत्र येऊन २००४ मध्ये 'विकल्प' हा समांतर महोत्सव भरवला होता, दादर-प्रभादेवीत, तुमच्याच भागात, तुम्ही कदाचित गेलाही असाल. फरक हा की इथे भांडता आलं, कोर्टात जाता आलं, पेपरात छापून आलं. तिथे संग्रहालय गेलं ते गेलंच.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नका. या फिल्म परदेशी महोत्सवांत बक्षिसं मिळवतात. घरची धुणी चव्हाट्यावर धुवायची आणि गोऱ्यांकडून टाळ्या घ्यायच्या, असं नाही का होत? (एक निवृत्त शिक्षक, नागपूर)

राग कशाला मानू सर, हा प्रश्न चीनमधल्या एका खेड्यातल्या लोकांनीच विचारलाय, आणि तोही फिल्ममध्येच आहे.

२०१० मध्ये वू वनग्वांगने तरुण मुलामुलींना सांगितलं, तुम्ही तुमच्या आजोबा-आजीच्या गावी जा आणि दुष्काळाबद्दल विचारा. याला 'लोकस्मृती प्रकल्प' म्हणू. त्यात झोउ श्वेपिंग ही शांडोंग प्रांतातली मुलगी आपल्या गावी गेली, म्हाताऱ्यांशी बोलली आणि 'उपाशी गाव' अशा नावाची फिल्म केली. मग तिने काय केलं तर ती फिल्म घेऊन परत गावात आली आणि त्याच लोकांना दाखवली. त्यावर दुसरी फिल्म आहे, 'पोट भरलेलं गाव'. घरचे घाबरलेले. कशाला उकरून काढतेस, आता पोटभर मिळतंय ना, परदेशात दाखवलीस तर देशाची अब्रू जाईल. अगदी तुमचे शब्द. आणि ती ते सगळं कापत नाही, आईवडलांचा विरोधसुद्धा फिल्ममध्ये ठेवते, आणि आपण विचार करत बसतो की तिने काय करावं.

पुढे तिने गावातल्या लहान पोरांना गोळा केलं. ही पोरं घरोघर जाऊन विचारायला लागली, तुमच्या घरातलं दुष्काळात कोण गेलं, नाव काय, वय काय. नावं लिहून घेतली, थोडे थोडे पैसे जमवले, त्या नावांचा दगड उभा करायचा म्हणून. यात गोरा माणूस कुठेच नाही. ज्यांचे आजोबा, चुलते, धाकट्या बहिणी गेल्या त्यांचीच नातवंडं आहेत.

बक्षिसांचं म्हणाल तर वांग बिंगला सगळ्यात जास्त मान दिला तो जपानच्या यामागाता महोत्सवाने, तीनदा सर्वोच्च पुरस्कार. आणि स्वतःच्या देशात दाखवायला जागाच ठेवली नाही तर फिल्म बाहेर जाणारच ना सर. मला विचाराल तर घरातलं दुखणं लपवून ठेवलं की घराची अब्रू राहते हे मला पटत नाही, मी शिक्षकाच्याच घरात वाढले आणि आमच्याकडे पाटीवरची चूक झाकायची नाही हा नियम होता. तुम्हीही मुलांना हेच शिकवलं असणार.

प्रश्न : बघायला कुठे मिळतील? (बऱ्याच जणांनी)

हू जिएच्या फिल्म यूट्यूबवर इंग्रजी सबटायटलसह मिळतात, दिग्दर्शकाच्या नावाने शोधा. 'चायना अनऑफिशियल आर्काइव्ह्ज' नावाचं ऑनलाइन संग्रहालय २०२३ पासून सुरू आहे, तिथे फिल्म, जुनी मासिकं, आठवणींची पुस्तकं असं बरंच एकत्र आहे. लोकस्मृती प्रकल्पाच्या हजाराहून जास्त मुलाखती अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लायब्ररीत ठेवल्यात. मराठी सबटायटल कुठेच नाहीत. कुणा वाचकाला करायची असतील तर मला जरूर कळवा, मी मदत करेन.

प्रश्न : माझी आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तुमचा लेख वाचून वाटलं की तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करावं. पण विचारलं की म्हणते 'काय सांगायचं, हाल झाले, संपलं'. कसं विचारू? (एक वाचक, बीड)

हे पत्र वाचून खूप बरं वाटलं. आधी एक स्पष्ट करते, चीनचा तो दुष्काळ आणि आपला बहात्तरचा, दोन्ही एका तागडीत घालू नका. आपल्याकडे पाऊस गेला होता, पण रोजगाराची कामं निघाली, सुकडी वाटली, बाहेरून मिलो (लाल ज्वारी) आला, पेपरात बातम्या आल्या. तिथे सरकारनेच धान्य उचललं आणि वर बोलायची बंदी. पण म्हाताऱ्या माणसाला विचारायचं कसं, हे लोकस्मृती प्रकल्पातल्या त्या पोरांकडून शिकता येतं.

ती पोरं पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांनाही हेच उत्तर मिळालं, हाल झाले, संपलं. 'दुष्काळात काय झालं' हा प्रश्नच खूप मोठा आहे, त्याला माणूस मोठंच उत्तर देतो आणि गप्प होतो. छोटं विचारा. सकाळी काय खायचात, मिलोची भाकरी थापताना तुटायची का, खडीच्या कामाला जाताना पोर कुणाकडे ठेवायचीस, हातोडा घरचा होता का कामावर मिळायचा, पगार कोण वाटायचं, तेव्हा तुझ्या शेजारी कोण बसायचं खडी फोडायला. शेजारी कोण बसायचं हे विचारलं ना की नाव येतं, आणि नावामागून गोष्ट येते. त्या चिनी म्हाताऱ्यांनीही झाडाची साल कशी सोलायची, कुठल्या झाडाची चालते, कुठल्या सालीने पोट फुगतं, इथूनच बोलायला सुरुवात केली होती.

झांग मंगची नावाची मुलगी आहे याच प्रकल्पातली, हूबेई प्रांतात सुइझोउजवळ तिच्या वडलांचं गाव, त्याला ती '४७ किलोमीटर' म्हणते. एकदा जाऊन मुलाखती घेऊन परत आली असं नाही, २०१० पासून वर्षानुवर्षं जात राहिली. पहिल्या वर्षी जे सांगितलं नाही ते म्हाताऱ्या माणसांनी तिला पुढे कधीतरी सांगितलं. तेव्हा एका दुपारीत सगळं यायला हवं असं मनात धरू नका. आजी निवडत-टिपत असेल, शेंगा फोडत असेल, तेव्हा बसा, हात कामात असले की बोलणं सुटतं. मोबाइल काहीतरी आधार देऊन ठेवा, हातात धरू नका, नाहीतर ती मोबाइलकडेच बघेल. ती थांबली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, दहापर्यंत मनात मोजा. घरातलं कुणीतरी मध्येच म्हणेल, कशाला म्हातारीला त्रास देतोस, त्यांनाही रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या. रेकॉर्ड झालेलं सगळ्यात आधी तिला दाखवा, कुठे टाकायच्या आधी, आणि ती म्हणाली हे काढ तर काढा.

नावं आली की वहीत लिहा, गावाचं नाव, नातं, सगळं. फाइलची एक कॉपी बहिणीकडे किंवा चुलतभावाकडे ठेवा, एकाच मोबाइलवर ठेवू नका. आणि या आठवड्यातच बसा तिच्यापाशी, दिवाळीची वाट बघू नका.